उद्या सांगतो

आमच्या सरांना आज प्रश्न विचारला की उत्तर उद्या मिळायचं. मग प्रश्न कितीही सोपा असो. पहिल्याच आठवड्यात मी उठून विचारलं होतं, सर, सिस्टिम म्हणजे नेमकं काय? सरांनी माझ्याकडे बघितलं, खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "उद्या सांगतो." वर्ग खो खो हसला. यांनाच येत नाही, असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालंसुद्धा, आणि ते सरांना ऐकू गेलं असावं. पण त्यांनी खडू उचलला आणि जिथे थांबले होते तिथून पुढे सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले ते थेट माझ्या बाकापाशी. हजेरी नाही, फळा नाही. सिस्टिम म्हणजे काय हे त्यांनी लग्नाच्या पंगतीपासून सांगायला घेतलं आणि तासाची घंटा झाली तरी पंगत उठली नव्हती. भात संपत आलाय ही बातमी वाढप्याकडून चुलीपाशी बसलेल्या आचाऱ्यापर्यंत कशी पोचते? मध्ये कोण कोण असतं? मध्ये नवरीचा मामा असतो, आणि तो बातमी अडवतो, कारण त्याला आपल्याकडच्या माणसांसाठी एक पातेलं बाजूला ठेवायचं असतं. शेवटची पंगत उपाशी उठते आणि पुढची पंधरा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नसतं. "भात कमी पडला न्हवता," सर म्हणाले, "भाताची बातमी कमी पडली. ही झाली सिस्टिम." ती व्याख्या मी परीक्षेत लिहिली. मला त्या प्रश्नाला शून्य गुण मिळाले. ते साहजिकच होतं म्हणा, पेपर तपासायला सर नव्हते.

आमची पदवी धंदा आणि कॉम्प्युटर अशी दोन्ही मिळून होती. अर्धे विषय अकाउंट आणि मार्केटिंगचे, अर्धे प्रोग्रॅमिंग आणि डेटाबेसचे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या त्या कॉलेजात कॉमर्सची पोरं आम्हाला कॉम्प्युटरवाले समजायची आणि कॉम्प्युटरवाले आम्हाला कॉमर्सचे. आमचं ना धड इकडे ना धड तिकडे. प्रवेश घेताना मात्र असं वाटलं होतं की दोन्ही दगडांवर पाय आहे म्हणजे आपण बुडणार नाही. मी विट्याकडचा. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली. माझ्या वडिलांचंही दक्षिणेतल्या एका गावात गलाईचं दुकान आहे. भट्टी, ॲसिडचा वास, आणि वर्षातून एकदा मे महिन्यात गावी येऊन लग्नं उरकायची, असं ते आयुष्य. मला त्यातून सुटायचं होतं. वडिलांनी मोठ्या मनानं सोडलं. म्हणाले, शीक, नोकरी लागली तर लागली, दुकान कुठं पळून जातंय.

तर सरांच्या त्या 'उद्या'चं मूळ हरिपुरात होतं. सांगलीला लागून नदीकाठचं हरिपूर, तिथं जमिनीत पेवं असायची. पेव म्हणजे खोल खड्डा, तोंड लहान, पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड बुजवून टाकायचं. आत हवा नाही, त्यामुळे कीड नाही, वर्षानुवर्षं हळद जशीच्या तशी. सरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या हाच व्यवसाय. पण पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं. आत कोंडलेली हवा मारते. तोंड उघडं टाकून वाट बघायची, मग दोरीनं कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस उतरायचा. सरांच्या चुलत्यांनी एकदा घाई केली. व्यापारी दारात थांबला होता, गाडी लागली होती, आणि चुलते कंदील न सोडता उतरले. ते वर आले नाहीत.

हे सरांनी आम्हाला एकदाच सांगितलं, डेटाबेसच्या तासाला, आणि सांगून झाल्यावर लगेच पुढचा मुद्दा फळ्यावर लिहिला. पुढे महापुरांत नदी पेवांतच शिरली. हळद कुजली, खड्डे बुजले, घरचा धंदा संपला. सर शिकून मास्तर झाले होते म्हणून निभावलं असं लोक म्हणायचे. पण ती एक सवय त्यांनी पेवातून वर आणली होती. प्रश्न आला की तोंड उघडून ठेवायचं आणि रात्रभर हवा लागू द्यायची. चहा घेणार का, या प्रश्नाला तेवढा अपवाद होता. त्याचं उत्तर ते प्रश्न पुरा व्हायच्या आत देत.

सर जैन. दिवस मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे. प्रॅक्टिकल दुपारी उशिरा असायचं, आणि सूर्य खाली आला की सर खिडकीकडे बघायला लागत. कुणाचा प्रोग्रॅम अडकलेला असला तर ते म्हणत, "ऱ्हाऊ दे रं. तू जेव, त्येलाबी जरा उपाशी ठेव. सकाळी सुतासारखा सरळ ईल." आणि खरंच, कितीदा तरी सकाळी चूक पहिल्या नजरेत दिसायची. मग आम्ही ते आपल्याच हुशारीवर खपवत असू.

ते कायम नोकरीत नव्हते, हे आम्हाला दुसऱ्या वर्षी कळलं. तासांवर नेमलेले. वर्ग चालला तर सर, नाही तर कुणी नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कॉलेजच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसायचे आणि जूनमध्ये पुन्हा जन्म घ्यायचे. इतकी वर्षं त्यांना कुणीतरी पुढच्या वर्षी कायम करतो म्हणत होतं. मला वाटतं त्यात सरांना काही वावगं वाटलं नसावं. उद्या सांगतो म्हणणारा माणूस दुसऱ्याच्या उद्यावरही विश्वास ठेवतो.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतं. एखाद्या खऱ्या धंद्यात जायचं, तिथलं काम समजून घ्यायचं आणि त्यासाठी सॉफ्टवेअर बनवायचं. असं पुस्तकात. प्रत्यक्षात कॉलेजच्या समोरच्या गाळ्यात तयार प्रोजेक्ट मिळायची, बांधीव, वर सोनेरी अक्षरं. ग्रंथालयाचं, हॉस्पिटलचं, हॉटेलचं. दर वर्षी तीच, फक्त पोरांची नावं बदलायची. सगळ्यांना माहीत होतं, शिकवणाऱ्यांनाही. एकट्या सरांनी आम्हा पोरांना गोळा करून निक्षून सांगितलं की त्या गाळ्याची पायरी कुणी चढायची नाही.

मला त्यांनी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात धाडलं. आठवडाभर नुसतं बसायचं, वही काढायची नाही, असा हुकूम. मी बसलो. शेतकरी हळद आणून टाकायचे, सौदा व्हायचा, आणि भाव काय निघाला हे कळायला त्या माणसाला तासन्‌तास अडत्याच्या गादीशेजारी बसावं लागायचं. मला वाटलं, सापडलं. मी असं सॉफ्टवेअर केलं की सौदा ठरल्याबरोबर शेतकऱ्याच्या मोबाइलवर भाव जाईल. महिनाभर खपलो. मोठ्या ऐटीत अडत्याला दाखवलं. तो भला माणूस होता. त्यानं सगळं नीट बघितलं, मला केळं दिलं आणि म्हणाला, "लय भारी केलंयस. पर मला नको. भाव झटक्यात कळला तर त्यो माझ्याजवळ कशाला बसंल? बसला न्हाई तर बोलंल कसा? आन बोलला न्हाई तर फुडच्या वर्साला माझ्याकडंच माल आणंल कशावरनं?"

मी तणतणत सरांकडे गेलो. हे लोक सुधारणार नाहीत वगैरे वगैरे. सर म्हणाले उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "त्येचं बरोबर हाय. तू भाताची बातमी बघितलीस, मामा बघितला न्हाईस. माणसाला काय पायजे हे त्यो इचारतो त्यात नसतंय रं. त्येच्या मागं असतंय." मग त्यांनी मला ते सगळं पुन्हा करायला लावलं. दुकानात येऊन बसलेल्या माणसाला त्याच्या मागच्या वर्षांचे भाव समोर दिसतील, म्हणजे बसून बोलायला काहीतरी होईल, असं. अडत्यानं ते ठेवून घेतलं. वापरलंही काही दिवस. माझ्या आयुष्यात मी केलेलं आणि कुणीतरी खरोखर वापरलेलं तेवढं एकच.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांना परतीची गाडी गाठायची होती. माझा लॅपटॉप त्यांनी उघडूसुद्धा दिला नाही. पानं किती आहेत विचारलं, बांधणी उलटसुलट करून बघितली. माझी साधी स्पायरल होती. गाळ्यातून आणलेल्या सोनेरी अक्षरवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त गुण मिळाले. त्यांनी सरांचं ऐकलं नव्हतं, आणि त्यांचंच बरोबर ठरलं. मी बाहेर व्हरांड्यात आलो तेव्हा सर उभे होते. सूर्य बुडायला आला होता आणि सर जेवायला गेले नव्हते. त्यांच्यासाठी मला इतकं वाईट वाटलं की माझ्या गुणांचं विसरूनच गेलो.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं नाही. पुण्यात एका कंपनीत दीड वर्ष लोकांचे पत्ते एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात भरले. मग ते काम मशीनच करायला लागलं आणि आम्हाला घरी जायला सांगितलं. आणखी दोन ठिकाणी असंच. शेवटी मी वडिलांच्या दुकानात बसलो. भट्टीपाशी नाही, काचेच्या खोलीत, बिलं करायला. धंदा आणि कॉम्प्युटर दोन्ही आलं की नाही? दुकान कुठंही पळून गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही सगळे गावी आलो. चुलतभावाचं लग्न होतं. माझी धाकटी बहीण नुकतीच बारावी झालेली, आईबरोबर गावीच राहणारी. लग्नाच्या मांडवातच तिला एक स्थळ सांगून आलं. मुलाचं उत्तरेकडे कुठंतरी दुकान, घरचे ओळखीचे, नाव ठेवायला जागा नाही. वडील तसे दुष्ट नाहीत. त्यांनी तिला विचारलं, तुझं काय म्हणणं? ती म्हणाली, मला दादासारखं शिकायचं आहे, त्याच कॉलेजात, सांगलीला राहून. वडील म्हणाले, ठीक आहे. नोकरी लागणारं शिक्षण असेल तर शिकवतो, मग स्थळ थांबेल नाही तर जाईल. पण नुसतं नावापुढं लावायला डिग्री पाहिजे असेल तर ती लग्न झाल्यावर बाहेरूनही करता येते. बोलण्यात खोट काढता येत नव्हती. जून उजाडला तरी आम्ही गावातच होतो, कारण तेवढं एक ठरायचं बाकी होतं.

आणि एका दुपारी सर दारात उभे. जुन्या स्कूटरवर, हेल्मेटखाली रुमाल, खांद्याला माहितीपत्रकांची पिशवी. हल्ली कॉलेजची माणसं जूनमध्ये गावोगाव पोरं गोळा करत हिंडतात. आमचा वर्ग आटत चालला होता. ठरलेल्या आकड्याला एक प्रवेश कमी पडत होता, आणि तो झाला नाही तर पहिलं वर्ष यंदापासून बंद. वर्ग बंद म्हणजे सर बंद. हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर शिकवणाऱ्या एकानं मला आधीच फोन करून सांगितलं होतं, आणि तुझ्या बहिणीचं बघ म्हणून गळ घातली होती. सरांना मी कधी आकडे गोळा करताना बघितलं नव्हतं. माहितीपत्रकावर हसऱ्या पोरापोरींचा फोटो होता, त्यातलं एकही आमच्या कॉलेजचं नव्हतं. सरांनी ते पत्रक वडिलांना देताना फोटोची बाजू खाली केली.

चहा झाला. पाऊसपाण्याचं झालं. बहीण आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. मग वडील म्हणाले, "सर, सरळ इचारतो, राग मानू नका. ह्यो तुमच्या हाताखालनं शिकून आला. काय करतोय ते तुमी बघतासाच. हिला नोकरी लागंल का?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी चहाच्या कपात बघितलं. मग त्यांनी बहिणीकडे बघितलं. एक 'व्हय' म्हटलं असतं तर त्या क्षणी तिचं आणि त्यांचं, दोघांचंही काम झालं असतं. मनातल्या मनात मी त्यांना ओरडून सांगत होतो, म्हणा ना.

"उद्या सांगतो," सर म्हणाले.

ते गेल्यावर वडील हसले. मी त्यांना ती सवय समजावून सांगितली, पेवाची गोष्टही सांगितली. सर उद्या आले नाहीत असं कधी झालं नाही, हेही सांगितलं. वडील म्हणाले, मग येऊ दे त्यांना, ते म्हणतील तसं करू. दुसरा दिवस प्रवेशाचा शेवटचा. बहिणीनं सकाळीच आंघोळ करून, गुणपत्रिका, दाखला, फोटो सगळं प्लॅस्टिकच्या फायलीत घालून ठेवलं. ओसरीवर बसली ती उठली नाही. दुपार झाली. मी सरांना फोन लावला, वाजत राहिला. वडिलांना म्हटलं, मी तिला गाडीवर घेऊन जातो, अजून वेळ आहे. ते म्हणाले, सर सांगतील तसं असं ठरलंय, आणि सर आलेले नाहीत. बंद व्हायची वेळ टळून गेल्यावर बहिणीनं फाइल आत नेऊन ठेवली. स्वयंपाकघरातून परातीचा आवाज यायला लागला.

सर आले ते तिसऱ्या दिवशी सकाळी. पिशवी नव्हती. खुर्चीवर न बसता ते ओसरीच्या कडेला टेकले.

"काल बूट घालून बसलो व्हतो," ते वडिलांना म्हणाले. "सकाळपासनं. उठवंना. आलो असतो तर व्हय म्हणालो असतो, माझ्या पोटासाठी. म्हणून आज आलो. न्हाई लागणार वो नोकरी. लागली तर तिच्या नशिबानं, आमच्या शिकवण्यानं न्हाई. मी लय पोरं बघितली."

वडील उठून सरांच्या पाया पडले. मी त्यांना देवाशिवाय कुणाच्या पाया पडताना बघितलं नव्हतं. आवं, असा मास्तर आता कुठं ऱ्हायलाय, असं ते आईला आत ओरडून सांगत होते. वर्गाचं माझ्याकडून कळल्यावर तर, आपला वर्ग बुडाला तरी माणूस खोटं बोलला नाही, ही गोष्ट ते पुढे सगळ्या पाहुण्यांत सांगत फिरले, आणि खरंच होती ती. मग त्यांचा फोन वाजला. मुलाकडच्यांचा होता. ते बोलत बोलत अंगणापलीकडे गेले.

बहीण चहा घेऊन आली. सरांच्या हातात कप दिला. ती आत जाईल असं मला वाटलं होतं, पण ती तिथेच उभी राहिली.

"सर, नोकरीचं आप्पांनी इचारलं व्हतं," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, दुधाचा हिशेब सांगावा तसा. "मी कुठं इचारलं व्हतं? मला नुसती तीन वर्सं पायजे व्हती."

अंगणाच्या टोकाला वडील फोनवर मोठ्यानं हसत होते, तुळशीच्या लग्नानंतर कधीही चालेल म्हणत होते. माणसाला काय हवं ते तो विचारतो त्याच्या मागे असतं, हे मला शिकवणारा माणूस माझ्यासमोर ओसरीच्या कडेला बसला होता. मी वाट बघत होतो की आता ते नेहमीसारखी मान हलवतील, उद्या सांगतो म्हणतील आणि स्कूटरला किक मारतील. खरं सांगतो, ते तसं म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. उद्या काहीतरी आहे असं वाटलं असतं.

"चुकलं माझं, बाळ," सर म्हणाले. लगेच म्हणाले.